निर्यात धोरणाच्या अभ्यासासाठी सल्लागार संस्था नेमली, तिच्या कामाचा अनुभव

आमची शेतकरी उत्पादक कंपनी निफाड तालुक्यातली. निम्म्याहून अधिक सभासदांकडे द्राक्षबागही आहे आणि कांदाही. मी कंपनीचं निर्यातीचं काम बघते. पॅकहाऊसच्या नोंदी, फायटोची (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या सरकारी दाखल्याची) कागदपत्रं, शिपिंग लाइनशी बोलणं आणि हंगाम संपला की सभासदांना अकाउंट सेल (परदेशातल्या विक्रीचा आयातदाराकडून आलेला हिशेब) ओळीओळीने समजावून सांगणं. २०२४ च्या उन्हाळ्यात संचालक मंडळाने दिल्लीतल्या एका छोट्या आर्थिक संशोधन संस्थेला आमच्या दोन्ही पिकांच्या परदेशी बाजाराचा अभ्यास करायला दिला. तेव्हापासून वणी, पिंपळगाव, येवला भागातल्या कंपन्यांचे लोक विचारतात, "ताई, पैसे वसूल झाले का?" प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहिते.

करारात गोपनीयतेचं कलम आहे, त्यामुळे संस्थेचं नाव देत नाही. फी साडेसहा लाख, वर १८ टक्के जीएसटी. पैसे तीन हप्त्यांत: काम सुरू होताना, कच्चा अहवाल आल्यावर आणि अंतिम अहवाल स्वीकारल्यावर. माझं मत आधीच सांगते. पैसे वसूल झाले, पण अहवालातल्या सगळ्या प्रकरणांमुळे नाही. दोन प्रकरणं आम्ही अजून वापरतो, एक थोडंफार उपयोगी पडलं, बाकीचा भाग छापला नसता तरी चाललं असतं. आणि जे सगळ्यात मोलाचं ठरलं ते आम्ही आग्रह धरला म्हणून मिळालं.

अभ्यास का करून घेतला हे नाशिक जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. बाजार समित्यांमधले लिलाव बंद पडले, मग सरकारने २,४१० रुपये क्विंटलने दोन लाख टन खरेदी जाहीर केली. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याखालच्या भावाने माल बाहेर पाठवता येत नाही) आलं आणि ८ डिसेंबरला थेट बंदी. बंदी ३१ मार्चला उठेल म्हणून लोक थांबले, तर ती वाढवली. एप्रिलमध्ये गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली, तेव्हा लासलगाव-पिंपळगावच्या आवारात लोक काय बोलत होते ते मी ऐकलं आहे, इथे लिहिण्यासारखं नाही. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. आमच्या सभासदांचा उन्हाळ कांदा तेव्हा नुकताच साठवणुकीच्या चाळीत पडला होता. मंडळाच्या बैठकीत प्रश्न आला की आपण कांद्याच्या निर्यातीवर पुढची पाच वर्षं उभी करायची की नाही, आणि हा निर्णय नुसत्या रागावर घ्यायचा की काही अभ्यासावर.

त्या बैठकीत आम्ही तीन प्रश्न लिहून काढले. कांद्याच्या निर्यातीत जोखीम किती आणि ती वर्षाच्या कुठल्या काळात जास्त. द्राक्षाला युरोपात कुठल्या आठवड्यात जागा मिळते. आणि इंग्लंड, युरोपशी व्यापार करार झाले तर त्यातलं बागाईतदाराच्या हातात काय पडेल. कुणाला असं काम द्यायचं असेल त्याला माझा पहिला सल्ला हाच की प्रश्न स्वतः लिहा. सल्लागार संस्था तुम्हाला तयार मसुदा पाठवते, त्यात "मूल्यसाखळीचं सर्वंकष विश्लेषण" वगैरे असतं. तो मान्य केला की अहवालही तसाच सर्वंकष येतो आणि तुमच्या उपयोगाचं पान त्यात शोधावं लागतं.

संस्था निवडताना एक गोष्ट लक्षात आली. व्यापार धोरणावर देशात काम करणाऱ्या मोठ्या संस्था आहेत: दिल्लीत आरआयएस, इक्रिअर, आयआयएफटीमधलं डब्ल्यूटीओ अभ्यास केंद्र, जयपूरला कट्स, आपल्या पुण्यात १९३० पासूनची गोखले संस्था. त्यांचं बरंच लिखाण फुकट वाचायला मिळतं आणि ते वाचावं. पण त्यांच्या अभ्यासाचा रोख बहुतेक सरकारकडे असतो. 'भारताने काय करावं' हा त्यांचा प्रश्न असतो, 'निफाडच्या कंपनीने काय करावं' हा नसतो. छोट्या खासगी संस्था दुसऱ्या प्रश्नावर काम करायला तयार होतात. आमच्याकडे आलेल्या गटात एक ज्येष्ठ अर्थतज्ज्ञ होते, एक आकडेवारीचं काम करणारे आणि एक तरुण संशोधक मुलगी, मूळची विदर्भातली. पुढे खरं काम तिनेच केलं.

आता आकडेवारीच्या प्रकरणाबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथेच मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

भारताची २०२३-२४ ची ताज्या द्राक्षांची निर्यात अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेच्या आकड्यांप्रमाणे सुमारे ३ लाख ४४ हजार टन, किंमत सुमारे ३,४६१ कोटी रुपये. भागाकार केला की किलोला शंभर रुपये येतात. हा शंभराचा आकडा आमच्या भागात चहाच्या टपरीपासून सभांपर्यंत फिरतो आणि बागाईतदार विचारतो, "मग आम्हाला जागेवर इतकाच भाव कसा?" संशोधक मुलीने पॅकहाऊसमध्ये सभासदांना जमिनीवर बसवून हा आकडा सोलून दाखवला. एक, ही एफओबी किंमत आहे, म्हणजे आपल्या बंदरावर माल जहाजात चढेपर्यंतची. तिच्यात पॅकिंग, प्रीकूलिंग (माल थंड करणं), न्हावा शेवा बंदरापर्यंतची वाहतूक, निर्यातदाराचा खर्च आणि नफा सगळं आलं. दोन, ही युरोपला पनेटमध्ये (छोट्या डब्यांत) जाणाऱ्या मालाची आणि ट्रकने बांगलादेशला क्रेटमध्ये जाणाऱ्या मालाची सरासरी आहे. तिसरी गोष्ट मला स्वतःला नवी होती. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, आणि द्राक्षाचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. म्हणजे एकाच हंगामाचा एप्रिलचा माल पुढच्या वर्षाच्या खात्यात पडतो. २०२३-२४ च्या आकड्यात एप्रिल २०२३ चं शेपूट आहे आणि २०२४ चं शेपूट तुटलेलं आहे. एखाद्या वर्षी हंगाम पावसामुळे पंधरा दिवस पुढे सरकला की कागदावर निर्यात घटल्यासारखी दिसते आणि पुढच्या वर्षी उगाच वाढल्यासारखी. संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेडमध्ये कॅलेंडर वर्षाचे आकडे मिळतात, जानेवारी ते डिसेंबर. द्राक्षासाठी तेच बघायचे, कारण त्यात मुख्य हंगाम अखंड सापडतो. एवढी साधी बाब, पण इतकी वर्षं आम्ही आर्थिक वर्षाचे तक्ते बैठकीत मांडत होतो आणि त्यावर वाद घालत होतो.

नंतर नेदरलँड्सचा विषय निघाला. सरकारी तक्त्यात आपल्या द्राक्षाचा सगळ्यात मोठा ग्राहक नेदरलँड्स दिसतो. एवढासा देश इतकी द्राक्षं खातो कुठे? तो खात नाही. रॉटरडॅमला कंटेनर उतरतात, तिथून माल जर्मनीकडे, पोलंडकडे आणि आणखी कुठे कुठे जातो. आपल्या कागदावर मात्र नेदरलँड्सच राहतं. यासाठी त्यांनी दोन्ही बाजूंच्या नोंदी समोरासमोर ठेवल्या: भारताने 'पाठवलं' म्हणून लिहिलेलं, समोरच्या देशाने 'आलं' म्हणून लिहिलेलं आणि मग त्या देशाने पुढे 'पाठवलं' म्हणून लिहिलेलं. आपली नोंद एफओबी, त्यांची विमा-भाडं धरून सीआयएफ, त्यामुळे आकडे जुळत नाहीतच. पण कुठे थोडे जुळत नाहीत आणि कुठे फारच जुळत नाहीत, यावरून बरंच कळतं. या कामासाठी लागणारी साधनं, जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरचं ट्रेड मॅप आणि जागतिक बँकेचं विट्स, कुणालाही नोंदणी करून वापरता येतात. आमच्या ऑफिसमधल्या बी.कॉम. झालेल्या मुलाला तिने दोन दुपार बसवून ती शिकवली. हे करारात नव्हतं. आता द्राक्षाचा ०८०६१० आणि कांद्याचा ०७०३१० हे एचएस कोड (जगभरच्या व्यापारात वापरले जाणारे मालाचे क्रमांक) टाकून तो स्वतः तक्ते काढतो. माझ्या दृष्टीने फीचा एक मोठा हिस्सा इथेच वसूल झाला.

याच प्रकरणाची एक मर्यादाही सांगायला हवी. सहा आकडी कोडमध्ये पांढरं, लाल, काळं सगळं द्राक्ष एकच. थॉमसनचा भाव काय, क्रिमसनचा काय, नव्या पेटंट असलेल्या वाणांचा काय, हे कुठल्याच सरकारी तक्त्यात नाही. आणि मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सपासून छोट्या बागाईतदारापर्यंत सगळे आज वाण बदलण्याचाच हिशेब मांडत आहेत. यावर संस्थेकडे उत्तर नव्हतं. आयातदारांच्या साप्ताहिक भावपत्रकांवरून त्यांनी अंदाज बांधला, पण अंदाज आहे असं स्पष्ट लिहिलं. तो प्रामाणिकपणा मला आवडला.

आता ग्रॅव्हिटी मॉडेल. व्यापारावर अभ्यास करणारी कुठलीही संस्था हे मॉडेल आणतेच. डच अर्थतज्ज्ञ यान टिनबर्गेन यांनी १९६२ मध्ये ते मांडलं. दोन देशांच्या अर्थव्यवस्था जितक्या मोठ्या तितका त्यांच्यातला व्यापार जास्त, अंतर जितकं जास्त तितका कमी. या पायावर नंतरच्यांनी भाषा, सीमा, करार, आयात कर असे घटक जोडले. आमच्या अहवालात त्याला बरीच पानं दिली होती आणि शेवटी कुठल्या देशांशी आपला व्यापार 'अपेक्षेपेक्षा कमी' आहे याची यादी होती. कच्च्या अहवालाचं सादरीकरण नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये झालं. ज्येष्ठ सर इंग्रजी-हिंदी मिसळून बोलत होते. आमच्या मंडळातले सगळ्यात वयस्कर संचालक, त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, हे जे अंतर धरलंय, ते कुठल्या रस्त्याने?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मॉडेलमध्ये अंतर म्हणजे मोठ्या शहरांमधलं सरळ रेषेतलं अंतर, ते वर्षानुवर्षं तेच. पण २०२३ च्या नोव्हेंबरपासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि २०२४ च्या हंगामात आमचे कंटेनर सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून गेले. दहा-पंधरा दिवस जास्त लागले, भाडं वाढलं, आणि रॉटरडॅमला पोचलेल्या मालाचे देठ तपकिरी पडल्याचे फोटो आम्ही मोबाइलवर बघितले. नकाशावरचं अंतर जिथल्या तिथे राहिलं आणि द्राक्षासाठी रस्ता दीडपट झाला. सरांनी ते मान्य केलं आणि अंतिम अहवालात अंतराऐवजी प्रवासाचे दिवस धरून वेगळा तक्ता आला. त्यातून स्पष्ट निघालं की वळशाचा फटका आपल्याला बसला तसा दक्षिण आफ्रिकेला, चिलीला, पेरूला बसला नाही, कारण त्यांची जहाजं सुएझवरून जातच नाहीत. म्हणजे त्या हंगामात आपण स्पर्धेत नुसते उशिरा पोचलो नाही, आपण एकटेच उशिरा पोचलो. हे आम्हाला अंगाने माहीत होतं, पण खरेदीदाराशी पुढच्या हंगामाचं बोलताना दाखवायला कागद नव्हता. तो मिळाला. विमा कंपनीच्या किंवा बँकेच्या माणसापुढे बसावं तसं आम्ही आता आयातदारापुढे आकडे घेऊन बसतो. बाकी त्या मॉडेलची यादी मी कपाटात ठेवली आहे.

तुलनात्मक लाभाचा निर्देशांकही होता, म्हणजे कुठल्या मालाच्या निर्यातीत देश इतरांपेक्षा पुढे आहे याचं माप, बेला बलासा यांनी १९६५ मध्ये सुचवलेला. भारताला कांद्यात लाभ आहे, द्राक्षात आहे. हे वाचायला आम्ही पैसे दिले नव्हते, आणि मी तसं सांगितलंही.

कांदा धोरणाचं प्रकरण हे माझ्या मते या सगळ्या कामाचं हृदय आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. कच्च्या अहवालात निर्यातबंदीला 'बाह्य धक्का' म्हटलं होतं. म्हणजे अवकाळी पाऊस, महामारी, युद्ध यांच्या रांगेत. पुढचे सगळे अंदाज 'धोरण स्थिर राहिल्यास' या गृहीतकावर. आम्ही सादरीकरणातच हरकत घेतली. कांद्याच्या बाबतीत धोरण स्थिर राहील हे गृहीत धरणारा अभ्यास नाशिकच्या शेतकऱ्याच्या कामाचा नाही. इथे सरकारची अधिसूचना हा बाजाराचाच भाग आहे, आवक आणि मागणी जितकी आहे तितकाच. त्याचा अभ्यास करता येत नसेल तर तसं लिहून द्या, आम्ही तो हप्ता देणार नाही, इतकं स्पष्ट मी बोलले. ज्येष्ठ सर थोडे नाराज झाले. पण महिनाभराने जे प्रकरण आलं ते वाचून मी त्यांना स्वतः फोन करून आभार मानले.

त्यांनी अधिसूचना तारखेप्रमाणे मांडल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये आधी ८५० डॉलर किमान मूल्य आणि महिनाअखेर बंदी, ती उठली मार्च २०२० मध्ये. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी, उठली १ जानेवारी २०२१ ला. मग ऑगस्ट ते डिसेंबर २०२३ ची मालिका. समोर आवक आणि दिल्लीतले किरकोळ भाव ठेवले. चित्र सरळ दिसतं. निर्बंध लागतात ते बहुतेक ऑगस्ट ते डिसेंबर या काळात, चाळीतला उन्हाळ कांदा संपत आलेला असतो आणि लाल कांदा पुरेसा आलेला नसतो तेव्हा. लावताना ते एका रात्रीत लागतात. उठताना मात्र बहुतेक वेळा लाल कांद्याचा हंगाम निघून गेलेला असतो किंवा उन्हाळ कांदा बाजारात ओतलेला असतो. म्हणजे भाव चढल्याचा फायदा थांबतो आणि भाव पडल्याचा तोटा आपल्याकडे राहतो. शेतकऱ्याला हे कळत नव्हतं असं नाही. पण महिन्यागणिक, वर्षागणिक एका पानावर बघितल्यावर त्यातून निर्णय निघतो.

आमचा निर्णय असा झाला: ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये माल द्यायचा ठरलेल्या भावाचा कुठलाही परदेशी करार कंपनी स्वतःच्या नावावर करणार नाही, आणि केलाच तर निर्बंध आल्यास सुटका देणारं कलम घालूनच. ग्राहक व्यवहार विभागाचे रोजचे किरकोळ भाव, नाफेडचा राखीव साठा आणि आवक या तीन गोष्टींची नोंद ऑफिसात जुलैपासून ठेवायची. २०२४ मध्ये १३ सप्टेंबरला किमान मूल्य काढून शुल्क २० टक्क्यांवर आणलं गेलं आणि १ एप्रिल २०२५ ला तेही गेलं. म्हणजे या वेळी धोरण सैल झालं. तरी नियम आम्ही बदललेला नाही.

याच प्रकरणात जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांची एक बाजू होती, जी आमच्या एकाही सभासदाला ठाऊक नव्हती. गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराचं ११ वं कलम निर्यातीवर बंदी घालायला सर्वसाधारणपणे मनाई करतं, पण अन्नपदार्थांचा गंभीर तुटवडा टाळण्यासाठी तात्पुरत्या बंदीला मोकळीक देतं. शेती कराराचं १२ वं कलम म्हणतं की अशी बंदी घालणाऱ्याने आयात करणाऱ्या देशांच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा आणि लेखी कळवावं. विकसनशील देशांना यातून सूट आहे, पण जो देश त्या पदार्थाचा निव्वळ निर्यातदार आहे त्याला नाही. कांद्यात आपण निव्वळ निर्यातदार आहोत. नियम काळजी घेतो ती घेणाऱ्या देशाची. पिकवणाऱ्याचा त्यात उल्लेख नाही. २०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा त्यांनी व्यापारी-उद्योजकांच्या कार्यक्रमात सांगितलं होतं की आधी कळवलं असतं तर दुसरीकडून सोय केली असती. तशी सोय त्या देशाने पुढे खरोखर करायला घेतली, स्वतःचं उत्पादन वाढवण्यापासून इतर देशांकडून मागवण्यापर्यंत. शिवाय बांगलादेशने आपल्या द्राक्षांवरचा आयात कर वाढवला, त्याची झळ कांदा न लावणाऱ्या बागाईतदारालाही बसली. एका पिकावरची बंदी दुसऱ्या पिकाच्या बाजारात कशी उतरते, हे अहवालात इतक्या नीट मांडलं आहे की ती पानं मी आमच्या आमदारांच्या कार्यालयात आणि दोन बाजार समित्यांत नेऊन दिली.

द्राक्षाचं दिनदर्शिकेचं प्रकरण दुसरं उपयोगी. युरोपात आपला माल पोचतो तेव्हा सुरुवातीला दक्षिण आफ्रिका, पेरू, चिली यांची गर्दी असते. मे महिन्यात इजिप्त सुरू होतो. मधल्या काही आठवड्यांत पांढऱ्या सीडलेसला जागा असते. त्यांनी बाजारातल्या आठवड्यापासून उलट मोजत जहाज, काढणी आणि थेट गोडी छाटणीच्या (फळ धरण्यासाठीच्या छाटणीच्या) तारखेपर्यंत तक्ता करून दिला, सुएझच्या रस्त्याने एक आणि केपच्या रस्त्याने एक. छाटणी आपल्या मनाने ठरत नाही, ऑक्टोबरचा पाऊस ठरवतो, हेही त्यांनी बागेत फिरून समजून घेतलं आणि तक्त्याला पंधरा दिवसांची सैल ठेवली. आमच्याकडे तो तक्ता पॅकहाऊसच्या भिंतीवर आहे.

कराच्या प्रकरणाला मी थोडंफार उपयोगी म्हणेन. भारतीय द्राक्षावर युरोपीय संघात ८ टक्के कर लागतो. दक्षिण आफ्रिका, चिली, पेरू यांचा माल करारांमुळे करमुक्त जातो. हा कर बंदरावर पोचलेल्या किमतीवर लागतो. उदाहरणादाखल किलोला दोन युरो धरले तर सोळा सेंट. कर गेला तर हे सोळा सेंट कुणाचे? सुपरमार्केट भाव पाडून घेईल, आयातदार ठेवेल, निर्यातदार ठेवेल की बागेपर्यंत येईल? अहवालाचं उत्तर मला पटलं. ज्या आठवड्यात बाजारात मालाची गर्दी आहे त्या आठवड्यात बहुतेक फायदा खरेदीदाराकडे राहतो. टंचाईच्या आठवड्यात आणि किमान हमी भाव ठरवून दिलेल्या मालात तो आपल्याकडे वळतो. कन्साइनमेंटवर, म्हणजे आधी भाव न ठरवता, माल देणाऱ्याच्या हातात जवळपास काही येत नाही. २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या, तेव्हा गावात मिठाई वाटायची भाषा सुरू होती. मी सभासदांना हेच प्रकरण पुन्हा वाचून दाखवलं. त्यानंतर इंग्लंडच्या खरेदीदाराला दिलेल्या पत्रात कर कमी झाल्यावरच्या फरकाचा वाटा कसा ठरेल, ही ओळ आम्ही घातली. तो अजून हो म्हणालेला नाही.

या प्रकरणात कमतरता अशी की कराबद्दल भरपूर आणि कीडनाशकांच्या अंशांबद्दल फारच त्रोटक. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांमुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली. त्या घावातून कित्येक बागाईतदारांना वर यायला वर्षं गेली. ज्या औषधाला युरोपात मर्यादा ठरलेली नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. ८ टक्के कर भरून माल विकता येतो, पण नमुना नापास झाला तर कंटेनरच परत. निर्यातीच्या खऱ्या भिंती इथे आहेत आणि अर्थतज्ज्ञांनी ते दोन परिच्छेदांत उरकलं. ग्रेपनेट (निर्यातीच्या द्राक्षबागांची ऑनलाइन नोंद), मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, तपासणीचा खर्च लहान शेतकऱ्यावर किती पडतो, यातलं काही त्यांनी मोजलं नाही. पुढच्या वेळी मी या भागासाठी वेगळी ओळ आणि वेगळा हप्ता लिहून घेईन.

'ग्रामीण विकासावरील परिणाम' हे प्रकरण सगळ्यात कच्चं. रोजगार वाढेल, महिलांचं सक्षमीकरण होईल. आमच्या पॅकहाऊसमध्ये मणी काढायला आणि पनेट भरायला येणाऱ्या बायका पेठ, सुरगाण्याकडून हंगामापुरत्या येतात. त्यांच्या मजुरीचं, राहण्याचं, एप्रिलनंतर त्या कुठे जातात याचं एक वाक्य त्यात नाही. संशोधक मुलगी त्यांच्याशी दोन तास बोलली होती, मी तिथे होते. ते बोलणं अहवालात आलं नाही, याचं मला वाईट वाटलं. विकासाचा अभ्यास म्हणवायचा तर तो तिथूनच सुरू व्हायला हवा होता.

मराठी सारांशही मागून घ्यावा लागला. मूळ अहवाल इंग्रजीत, आमच्या सभासदांपैकी मोजकेच तो वाचतील. सारांश त्या मुलीने स्वतः लिहून दिला आणि तो चांगला आहे, आबांनी दोनदा वाचला. पण हे पहिल्याच कागदात लिहून घ्या, शेवटी मागितलं की टाळाटाळ होते.

कुणी ही सेवा घ्यावी? ज्यांची निर्यात अजून सुरू झालेली नाही त्यांनी घेऊ नये, त्यांना अपेडाचं प्रशिक्षण आणि फुकटची साधनं पुरतील. दोन-चार हंगामांच्या स्वतःच्या नोंदी असतील तरच सल्लागाराकडे जा, कारण आमचे जुने अकाउंट सेल नसते तर त्यांचे अंदाज तपासायला आमच्याकडे काहीच नव्हतं. एकट्या कंपनीला फी जड वाटत असेल तर तीन-चार कंपन्यांनी मिळून काम द्यावं, बाजार सगळ्यांचा एकच आहे. हप्ता कच्च्या अहवालाला बांधून ठेवा आणि सादरीकरण नाशिकलाच, सभासदांसमोर मागा. ऑनलाइन सादरीकरणात आबांचा प्रश्न कुणी ऐकला नसता.

अंतिम अहवालानंतर सहा महिने फोनवर शंकासमाधान करू असं करारात होतं. ते त्यांनी पाळलं, मुदत संपल्यावरही मुलगी फोन उचलते. दुसऱ्या टप्प्याचं काम बेदाण्यावर द्यायचं मंडळाने ठरवलं आहे. त्याच संस्थेकडून दरपत्रक मागवलं आहे, आणि या वेळी कामाच्या व्याप्तीत अंश तपासणीचा खर्च आणि पॅकहाऊसमधल्या मजूर बायकांचं प्रकरण आम्ही स्वतः लिहून पाठवलं आहे.